भासऱ्यांचं खाकरणं

लाल प्लास्टिकची खुर्ची विजयकुमारने मोटारसायकलला उलटी बांधून वारंगा फाट्यावरून आणली, तेव्हा घरातल्या दोन्ही म्हाताऱ्यांना ती आपल्यासाठीच आहे असं वाटलं. सोनाजींनी पुढे होऊन तिचे चारही पाय दाबून पाहिले. त्यांचे थोरले भाऊ ग्यानोबा ओसरीतल्या बाजेवर बसले होते. त्यांनी फक्त बाजेशेजारचा तांब्या सरकवून खुर्चीपुरती जागा केली.

"मायसाठी हाय," विजयकुमार म्हणाला.

ग्यानोबांनी तांब्या परत जागेवर ठेवला.

"तुझ्या मायला खुर्ची?" सोनाजी म्हणाले. "काहून?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं. जिमिनीवर बसायचं न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई. खुर्चीवर बसायचं आन् हाताचा टेकू न घेता उठायचं. दिवसातून वीस खेपा."

"उठायचंच असंल तर बसायचं कशाला मग?" सोनाजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांना इतका बिनतोड वाटला की संध्याकाळपर्यंत त्यांनी तो गल्लीत चार जणांना ऐकवला.

मनकर्णाबाईंचे गुडघे चार वर्षांपासून वाजत होते; पण त्यांच्याकडे लक्ष द्यावं असं घरात कोणाला वाटलं नव्हतं, खुद्द मनकर्णाबाईंनाही नाही. लक्ष गेलं ते शाळेमुळे. गावच्या प्राथमिक शाळेत त्या अकरा वर्षं खिचडी शिजवत होत्या. गणपती उठल्यावर आठवड्याभराने त्या तांदूळ निवडायला शाळेच्या फरशीवर बसल्या, आणि जेवणाची घंटा झाली तरी त्यांना उठता येईना. एक हात भिंतीला, एक चुलीच्या कट्ट्याला; कंबर वीतभर वर जायची आणि परत खाली यायची. शेवटी चौथीच्या चार पोरी आल्या. दोघींनी एक हात धरला, दोघींनी दुसरा. प्रतिक्षा नावाची एक चुणचुणीत पोरगी होती, तिने "एक, दोन, साडेमाडे तीन!" म्हटलं आणि मावशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांचा नवा खेळ सुरू झाला. एकाने पोत्यासारखं बसायचं आणि चौघांनी ओढायचं. खेळाचं नाव 'मावशी उठव'. मनकर्णाबाईंनी खिडकीतून तो दोन डाव पाहिला आणि तिसऱ्या डावाला खिडकी लावून घेतली.

मुख्याध्यापक सोमेश्वर सर भला माणूस. जे सांगायचं ते त्यांनी मनकर्णाबाईंकडे न बघता पातेल्याकडे बघून सांगितलं. "मावशी, गरम पातेलं असतं. लेकरं अवतीभवती असतात. उद्या तुम्हाला पटकन उठता नाही आलं तर? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी बघतो. नाही जमलं, तर दुसरी बाई बघावी लागेल."

दुसरी बाई बघितली तरी खिचडी शिजायची थांबणार नव्हती, हे मनकर्णाबाईंना कळत होतं. पण "रांगेत!" असं ओरडल्यावर बासष्ट माणसं मुकाट्याने रांगेत उभी राहतात, अशी जगात त्यांच्यासाठी एवढी एकच जागा होती. घरी तीन पुरुष होते आणि त्यांच्यापैकी एकही रांगेत उभा राहणारा नव्हता. विजयकुमारला तिशी उलटूनही मुलगी मिळत नव्हती, ग्यानोबांची बायको वारलेली आणि पोरं पुण्याला. त्यामुळे घरात बाई एकच होती, आणि तिचे गुडघे दोन.

कळमनुरीला पुनम नावाची फिजिओथेरपीची डॉक्टर होती. तिचा दवाखाना वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. "खाली जागा मिळेना हो काकू," ती ओशाळून म्हणाली. "पण तुम्ही वर आलात म्हणजे अजून पुष्कळ जमण्यासारखं आहे." तिने खुर्ची ठेवली, मोबाईलमधलं घड्याळ लावलं आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजलं. चार वेळा.

"गुडघ्याची झीज भरून येत नाही," तिने सांगितलं. "पण मांडीचे स्नायू तयार झाले की ते गुडघ्याचं ओझं उचलतात. गोळीनं दुखणं तेवढ्यापुरतं गप्प बसतं. काम व्यायामच करतो. घरी वेळ किती मिळतो?"

"कशाला?"

"स्वतःला."

मनकर्णाबाईंना प्रश्न समजला नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"मिळतो की," विजयकुमार म्हणाला. "लई मिळतो."

पुनमने व्यायामाच्या चित्रांचा कागद दिला. विजयकुमारने तो स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवला. चित्रातली बाई पँट घालून खुर्चीवर बसली होती आणि हसत होती. सोनाजींनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. "हिचे गुडघे तर चांगले दिसून राहिले," ते म्हणाले. "हिला कशाला पायजे व्यायाम?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई खाटेवर पाय पसरून बसल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा मोजायचे, हा पहिला व्यायाम. त्यांनी मोजायला सुरुवात केली.

"आगं, टावेल कुठं हाय?" सोनाजी न्हाणीतून ओरडले.

गुंडाळी सोडून द्यावी लागली. दुपारी त्यांनी जुन्या लुगड्याची गुंडाळी केली. चारापर्यंत मोजलं तेवढ्यात शेजारच्या रूपाबाई विरजण मागायला आल्या. खाटेवर पाय पसरलेली मनकर्णा पाहून त्या दारातच थबकल्या. "काय झालं माय? पडलीस का?"

"न्हाई. व्यायाम करून राहिले."

"असं व्हय," रूपाबाई म्हणाल्या आणि खाटेवर शेजारीच बसल्या. "कर तू. मी बसते." मग त्यांनी तासभर आपल्या सुनेबद्दल सांगितलं. विरजण द्यायला मनकर्णाबाईंना उठावं लागलं तेवढाच व्यायाम झाला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीवरून उठबस करून पाहिली. दुसऱ्यांदा उठल्या तशी ओसरीतून सोनाजींनी मान आत घातली.

"काय पायजे?"

"काय न्हाई."

"मग उठली काहून?"

"बसायला."

"मग बसलीच व्हतीस की." सोनाजी क्षणभर विचारात पडले. "रिकामी हायस तर च्या ठेव."

आठवडाभरात मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं, की या घरात बाई काम करत नसेल तर ती रिकामी असते आणि रिकामी असेल तर तिला काम असतं. गुडघे या दोन्हींत कुठेच बसत नव्हते.

पण मधल्या काळात दुसरंच काही सुरू झालं होतं, आणि ते सांगण्याआधी ग्यानोबांच्या खाकरण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ग्यानोबा म्हणजे मनकर्णाबाईंचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांसमोर भावजयीने डोक्यावरून पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, आणि ते समोर असताना बसून राहायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. एक्केचाळीस वर्षांत मनकर्णाबाई त्यांच्याशी एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. सांगायचं असेल ते त्या भिंतीला सांगत. "म्हणावं, जेवण वाढलंय." ग्यानोबाही भिंतीलाच उत्तर देत. "म्हणावं, आलो." त्या भिंतीला घरातलं सगळं ठाऊक होतं. बाईमाणसाला सावरायला वेळ मिळावा म्हणून ग्यानोबा आत येण्याआधी खाकरायचे. घसा साफ करायला नव्हे, वर्दी द्यायला. मोठं, खर्जातलं, घरातल्या थोरल्याला शोभेल असं खाकरणं.

त्यात ग्यानोबांचं वय एकोणऐंशी आणि लघवीची तकलीफ. अर्ध्या-पाऊण तासाला त्यांना परसातल्या न्हाणीकडे जावं लागायचं, आणि वाट स्वयंपाकघराच्या दारावरून. नवी खुर्ची दाराशीच होती. कारण आत चूल, भांडी आणि पिंप मांडल्यावर दुसरीकडे जागा नव्हती.

मनकर्णाबाई खुर्चीवर टेकल्या की ओसरीतून यायचं, "अख्खंऽम्!"

लसणाचं ताट बाजूला, एका हाताने पदर, आणि मनकर्णाबाई उभ्या. टेकू घ्यायला हात मोकळाच नसायचा. ग्यानोबा जायचे. त्या बसायच्या. ग्यानोबा परत यायचे. "अख्खंऽम्!" मनकर्णाबाई उभ्या. शिवाय ग्यानोबांना बिडीचा खोकला होता. तो खोकला आणि हे खाकरणं यांतला फरक मनकर्णाबाईंच्या कानांना कळायचा. पण कान ठरवेपर्यंत गुडघे उठून उभे राहिलेले असायचे. दूध उतू जात असो, तव्यावर भाकरी असो, भासऱ्यांसाठी उठण्याला कोणाची हरकत नव्हती. "काहून उठली?" असं सोनाजींनी त्या वेळी एकदाही विचारलं नाही.

पहिले चार दिवस त्यांच्या मांड्या इतक्या दुखल्या, की मनातल्या मनात त्यांनी ग्यानोबांना भिंतीलाही सांगता येणार नाही असं बरंच काही ऐकवलं. मग दुखणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात त्या पुनमकडे गेल्या तेव्हा अठरा पायऱ्या मध्ये न थांबता चढल्या आणि हे वर पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पुनमने घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात अकरा.

"काकू!" ती जवळजवळ ओरडलीच. "परत करा." परत अकरा. "रोज वीस सांगितले होते, तुम्ही किती करता?"

"तीस व्हतात. कवा पस्तीस. हवा गार असली की चाळीस."

"हवेचा काय संबंध?"

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गार हवेत त्यास्नी जास्ती खेपा जावं लागतं."

पुनमने सगळं ऐकून घेतलं. आधी तिला हसू आलं. मग मनकर्णाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते गेलं. विजयकुमार मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर लाल होऊन बसला होता. तो कृषी पदवीधर होता, खतांच्या दुकानात कामाला होता, आणि मोबाईलवर स्त्रियांच्या सन्मानाचे संदेश नेमाने पुढे पाठवत होता. आपल्या घरात आपली आई दिवसातून चाळीस वेळा अशी उठते, हे तीस वर्षं डोळ्यांसमोर घडूनही त्याला त्या दिवशी, आकडा ऐकल्यावर दिसलं.

"आजपासून बंद," तो म्हणाला. "मी बोलतो मोठ्या आबांशी."

"बोला, अवश्य बोला," पुनम म्हणाली. "तो रिवाज जायलाच हवा. पण एक लक्षात ठेवा. खुर्चीवर बसणं हा उपचार नाही, उठणं हा उपचार आहे. रिवाज गेला तर यांना उठवणार कोण?"

"मी हाय की," विजयकुमार म्हणाला.

मनकर्णाबाईंचं मत कोणी विचारलं नाही. तसा मुद्दा त्यांच्या गुडघ्यांचा होता, आणि गुडघे बोलत नाहीत.

विजयकुमारने जे केलं ते मनापासून केलं, हे मान्य करायला हवं. पुनम दसऱ्यानंतर गावात गुडघेदुखीचं शिबिर घेणार होती. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळं गाव जमलं असताना ग्यानोबा उठून उभे राहिले. पुतण्याने त्यांना आदल्या संध्याकाळी समजावलं होतं आणि रात्रभर विचार करून त्यांनी मोठं मन केलं होतं.

"आमच्या घरात बाईमाणसाला मी कवाच तकलीफ दिली न्हाई," ते म्हणाले. "आजपासून ती माझ्यासमोर खुर्चीवर बसंल. मी उभा असलो तरी बसंल. माझी परवानगी हाय."

टाळ्या पडल्या. कोणीतरी मनकर्णाबाईंना पुढे आणून खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या तशा पुन्हा टाळ्या पडल्या. बसण्याबद्दल टाळ्या मिळण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. सरपंचांनी ग्यानोबांना शाल आणि नारळ दिला. "जुन्या पिढीनं यांचा आदर्श घ्यावा," असं ते म्हणाले, तेव्हा ग्यानोबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तसा फोटो निघाला. फोटोत शाल स्पष्ट दिसत होती, नारळ स्पष्ट दिसत होता. मनकर्णाबाईंनी पदर इतका पुढे ओढला होता, की खुर्चीवर कोण बसलंय ते ओळखू येत नव्हतं.

"आबा, तुमी तर नाव काढलं घराचं," सोनाजी भावाला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ग्यानोबा दिल्या शब्दाचे पक्के. त्यांनी खाकरणं बंद केलं. एवढंच नव्हे, तर मनकर्णाबाई दचकून उठू नयेत म्हणून ते चपला काढून, भिंतीच्या कडेने, मांजरासारखे जाऊ लागले. कधी गेले आणि कधी आले ते कळेना. विजयकुमारने तीन दिवस सकाळी आईसमोर उभं राहून "उठ, बस" केलं. चौथ्या दिवशी हरभऱ्याच्या पेरणीची गर्दी सुरू झाली. दुकान सकाळी सातला उघडायला लागलं, आणि तो जेवायलाही घरी येईना.

आणि मनकर्णाबाई बसल्या. शाळेला सुट्टी लागलेली, समोर दिवाळी. "बसलीच हायस तर," सोनाजी म्हणाले आणि तुरीची डाळ निवडायला आणून ठेवली. बसलीच आहे तर लसूण. बसलीच आहे तर करंज्यांचं सारण. रूपाबाई आपल्या घरच्या शेंगा घेऊन आल्या. "माझ्याकडं खुर्ची न्हाई गं माय," त्या म्हणाल्या, "तू आपली बसून राहातीस. तुझं बरं हाय." मनकर्णाबाईंनी त्यांच्याही शेंगा फोडल्या. पूर्वी पाच कामं उठून करावी लागायची, आता बारा कामं बसून करायची होती. सगळे म्हणत होते, आता या बाईचे दिवस सुखाचे आले.

दिवाळीच्या दोन दिवस आधी त्या पुनमकडे गेल्या. पायऱ्यांवर तीनदा थांबल्या. अर्ध्या मिनिटात सहा.

पुनमने मोबाईल खाली ठेवला. "घरी कोण करून घेतंय?"

"कोन्हीच न्हाई."

"तुम्ही स्वतः?"

"मी उठले की समदे विचारतात, काय पायजे. काय पायजे ते सांगता येत न्हाई. मग बसते."

पुनमने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "काकू, अजून अकरा दिवस आहेत शाळेला. एकदा कमावलेलं लवकर परत येतं. पण रोज वीस. कसंही करा. कोणाचंही नाव घेऊन करा."

परतीच्या बसमध्ये मनकर्णाबाई दारातल्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. कंडक्टरने जागा करून दिली तरी बसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

आधी त्यांनी विजयकुमारच्या जुन्या मोबाईलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावून घेतला. पहिला गजर झाला तो सोनाजींनी उचलला. "हॅलो? हॅलो! कोन बोलून राहिलं?" त्यांनी तो कानाला लावून पाहिला, उलटा करून पाहिला. "कट झाला," म्हणाले. दिवसभरात अकरा वेळा कट झाला. संध्याकाळी त्यांनी मोबाईल बंद करून फडताळात ठेवला. "कोन्ही वात्रट माणूस हाय. बोलतच न्हाई."

मग त्यांनी सोनाजींनाच सांगितलं. "तुमी येता-जाता खाकरत जावा. मी उठत जाईन."

सोनाजी उत्साहाने तयार झाले. ओसरीत गेले, छाती भरून घेतली आणि खाकरत आत आले. मनकर्णाबाई बसलेल्याच.

"उठ की!"

"उठवंना."

सोनाजी परत बाहेर गेले आणि परत खाकरत आले. त्यांना ठसका लागला. मनकर्णाबाईंनी बसल्या जागेवरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काहून उठवंना? मी काय कमी खाकरतो?" ठसका थांबल्यावर सोनाजींनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"तुमचं ऐकून उठायची सवयच न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. हेही खरं होतं. एक्केचाळीस वर्षांचा धाक मनातून कधीच निघून गेला होता. राहिला होता तो गुडघ्यांत, आणि तो एकाच आवाजाला ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानोबा चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेने निघाले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, आणि दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती. ग्यानोबांना काय हाक मारायची हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न. एक्केचाळीस वर्षांत त्या शब्दाची गरज पडली नव्हती, त्यामुळे तो त्यांच्याकडे नव्हताच. म्हणून त्यांनी हाक न मारताच सुरुवात केली.

"ऐकलं का? खाकरत जावा."

ग्यानोबांच्या हातातली एक चप्पल खाली पडली. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. बाजूला पाहिलं. बाजूला भिंत होती.

"म्हणावं," ते भिंतीला म्हणाले, "मी परवानगी दिली हाय. बसून राहायची."

"परवानगीनं माझे गुडघे आखडले," मनकर्णाबाई थेट त्यांनाच म्हणाल्या. "आठ दिस ऱ्हायले शाळा उघडायला. उभं ऱ्हाता न्हाई आलं तर सर दुसरी बाई लावतील. मोठ्यानं खाकरायचं. जाताना आन् येताना. वीस खेपा भरल्या पायजेत."

ग्यानोबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. भिंत या वेळी त्यांच्या मदतीला आली नाही.

"म्हणावं, मी गावासमोर शब्द दिलाय. लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी ह्या वाटंनं न्हाणीत जायचं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन खुर्चीवर बसल्या.

ओसरीतून सोनाजी हे सगळं तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मग बाहेरून, आधी बारीक, घसा विसरल्यासारखं, आणि मग पूर्वीच्याच खर्जात, "अख्खंऽम्!" झालं.

मनकर्णाबाई उठल्या. "एक," त्या म्हणाल्या.

शाळा उघडली त्या दिवशी सोमेश्वर सर सकाळीच स्वयंपाकाच्या खोलीत आले. दारात बासष्ट पोरं दाटली होती. सरांनी ऑफिसातली लोखंडी खुर्ची मागवली. मनकर्णाबाई एका हातात डाव, दुसऱ्यात झाकणी घेऊन बसल्या, म्हणजे टेकू घेतला असं कोणी म्हणायला नको. प्रतिक्षाने मोजायला सुरुवात केली आणि तिच्यामागे सगळी शाळा मोजू लागली. सहा, सात, आठ. दहाला सर म्हणाले, "बास मावशी, बास." पोरं थांबली नाहीत, आणि मावशीही थांबली नाही. बाराला खिचडीला उकळी आली म्हणून त्या थांबल्या. पोरांचे चेहरे थोडे पडले. एक चांगला खेळ कायमचा बंद झाला होता.

"छान झालं," सर म्हणाले. मग पातेल्याकडे न बघता मनकर्णाबाईंकडे बघून, अगदी मोकळ्या मनाने म्हणाले, "ग्यानोबा आबांनी तुमच्यावर फार मेहनत घेतली म्हणतात. फोटो पाहिला मी. असा माणूस घरात असणं म्हणजे नशीबच."

"व्हय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लई खाकरले." आणि पोरांकडे वळून ओरडल्या, "रांगेत!"

त्या संध्याकाळी त्या दमून खुर्चीवर बसल्या होत्या. समोर मेथीची जुडी होती. हवा गार होती. ओसरीतून बाजेचा आवाज झाला, पावलं दाराशी आली आणि ग्यानोबा खाकरले.

मनकर्णाबाईंनी मेथीची एक काडी खुडली.

ग्यानोबा थांबले. ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा खाकरले, जरा मोठ्याने. आजवर असं कधी झालं नव्हतं, आणि भावजय बसलेली असताना पुढे कसं जायचं याचा रिवाज त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. परवानगी त्यांनीच दिली होती, पण ती वापरली जाताना त्यांनी प्रथमच पाहिली.

"म्हणावं," मनकर्णाबाई भिंतीला म्हणाल्या, "आजचे वीस झाले."

ग्यानोबा आणखी थोडा वेळ दारात उभे राहिले. मग गेले. फार वेळ थांबणं त्यांना शक्यही नव्हतं.